बाळाबाईचा उरलेला डोळा

भोर, १९ सप्टेंबर २०२४

उपेंद्र,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, पुढे रागाच्या भरात राहून जायचे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग सगळं शांत. म्हणून कागद घेतला. पाकीट फाडायला निदान हात तरी लावावा लागेल. गणपतीला आला नाहीस. आईनं तुझ्या वाटणीचे मोदक शेजारच्या श्रावणीला दिले आणि मला म्हणाली, "कामात असेल गं." मी हो म्हटलं. लग्नाळू पोरींचे चष्मे लेसरनं घालवण्याचं काम पुण्यात बारा महिने असतं म्हणे.

पण मी भांडायला लिहीत नाहीये. काम आहे.

दोन वर्षांपूर्वी तू आपल्या भोरच्या ऑपरेशन थिएटरला कुलूप लावलंस, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "ताई, डोंगरातलं काम आता बंद कर." मी काहीही बंद केलेलं नाही. दुकानात चष्मे विकते आणि दर गुरुवारी पप्पूच्या टेम्पोत भिंगांची पेटी, टॉर्च आणि अक्षरांचा तक्ता टाकून वेल्ह्याकडच्या वाड्यांवर जाते. डोळे तपासते, थेंब देते, ऑपरेशनची माणसं पुण्याला धाडते. मी सर्जन नाही, पण सर्जन पळून गेला म्हणून डोळे दुखायचे थांबत नाहीत.

गुंजवण्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. धरणाच्या कडेनं रस्ता संपला की पुढे पाऊलवाट. तिथे बाळाबाई राहते, पप्पूची चुलती. सत्तरीची असेल. एक डोळा लहानपणीच बुबुळावर पांढरं फूल पडून गेला. आणि ही बाई त्या सगळ्या पट्ट्यातली कुसळ काढणारी. भात झोडपताना कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की माणूस तिच्या दारात. ती चूळ भरते, पापणी उलटी धरते आणि जिभेच्या टोकानं कुसळ काढते.

तोंड वाकडं केलंस ना? मीही केलं होतं. कुसळ निघतं रे, पण बुबुळाला ओरखडा राहतो, त्यात घाण जाते आणि आठवड्याभरात डोळा पांढरा. मग माझ्याकडे येतात. दरवर्षी सुगीनंतर हेच. मी तिच्याशी कडकडून भांडले. म्हणाली, "ताई, तुजा दवाखाना येतो गुरवारी. कुसळ काय वार बघून जातं व्हय?"

म्हटलं, निदान उकळलेल्या कापडाच्या ओल्या टोकानं काढ, आणि पांढरा ठिपका दिसला की त्याच दिवशी खाली धाड. तर म्हणते कशी, "आदी तसंच काढत हुते की. आता दिसतंय कुठं? दिसत न्हाई म्हून तर जीभ लावते."

मी टॉर्च मारला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकून तपकिरी दगड झालाय. उजेड कुठून येतो ते सांगते, बोटं मोजता येत नाहीत. बाहुली मात्र छान हलते, म्हणजे मागचा पडदा शाबूत असावा. तिला दिसलं तर जीभ लावणं सुटेल. ते सुटलं तर त्या डोंगरातले कितीतरी डोळे वाचतील. ती वाडीला माझ्यापेक्षा जवळ आहे आणि नेहमी राहणार.

असला दगड यंत्रानं फोडायचा नाही, हातानं अलगद बाहेर घ्यायचा. तो हात तुझा आहे. गरवं भात दिवाळीनंतर कापायला येतं. त्याआधी ये.

तुझी ताई,
शुभा

भोर, २८ सप्टेंबर

उपेंद्र,

आठवडाभर वाट पाहून मला मेसेजवर एक ओळ मिळाली. 'पुण्याला पाठव, चांगला सर्जन बघून देतो.' पत्राला मेसेजनं उत्तर देणारा तू आपल्या घराण्यातला पहिलाच.

पाठवलं. मी स्वतः घेऊन निघाले. पप्पूनं टेम्पोच्या पुढच्या सीटवर उशी ठेवली, बाळाबाई नवं लुगडं नेसून बसली. कामथडीला चहाला थांबलो. तिथे तिनं विचारलं, "कापनार कोन?"

मी म्हटलं, त्या दिवशी ड्यूटीवर असतील ते डॉक्टर.

"नाव काय त्यांचं?"

मला कुठे माहीत असायला? तिनं कप खाली ठेवला. "ज्याचं नाव बी ठावं न्हाई, त्याच्या हातात उरलेला डोळा देऊ व्हय? पप्पू, गाडी फिरव."

पप्पू माझ्याकडे बघायला लागला. मी दोन डोळे असलेल्या बाईसारखी समजूत घालत राहिले. पण डोळा एकच उरलाय आणि तो तिचा आहे. शेवटी गाडी फिरली.

परतताना तिनं आपली रीत सांगितली. वाडीत घराचं नाजूक काम ज्याच्यावर सोपवायचं, मग तो आढं चढवणारा सुतार असो की विहिरीत सुरुंग लावणारा, तो आधी त्या घरी जेवतो. भाकरी आणि वर मीठ. "मीठ खाल्ल्यालं मानूस फशिवत न्हाई," असं त्यांचं गणित. डोळ्याला हात लावणाऱ्यानं तिच्या चुलीपुढे बसून जेवलं पाहिजे. पुण्यातले कुठले डॉक्टर वाडी चढून जेवायला जाणार?

मग ती म्हणाली, "आन तुजा भाऊ येतो म्हनली हुतीस की."

हो, म्हटलं होतं. तुला विचारायच्या आधीच तिला सांगून बसले. आता डोळे वटारून उपयोग नाही.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं, उपेंद्र. आनंदराव. भाटघरच्या त्या माणसाच्या डोळ्यात ऑपरेशननंतर पू झाला आणि डोळा गेला. तू पाण्याचे, औषधाचे, हत्यारांचे नमुने तपासायला दिलेस, कारण सापडलं नाही. तेव्हापासून त्या एका डोळ्यापुढे तू आधीचे शेकडो विसरलास. मी विसरले नाही. त्यांतले कितीतरी जण बाजारात मला लांबून ओळखतात, हीच माझ्या दृष्टीनं पावती.

थिएटर मी बंद पडू दिलेलं नाही. दर महिन्याला धुऊन घेते, धुरी देते. मागच्याच आठवड्यात भिंतींचे आणि पाण्याचे नमुने पुन्हा तपासून घेतले, सगळे स्वच्छ आले.

आनंदरावांचं मी बाळाबाईला सांगितलेलं नाही. म्हातारीला उगाच घाबरवून काय मिळणार? तूही सांगू नकोस. ये, जेव, ऑपरेशन कर.

शुभा

भोर, ९ ऑक्टोबर

उपेंद्र,

आज मायना नाही, राग आहे.

लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं. पप्पूच्या बायकोच्या, सुलक्षणाच्या डोळ्यात कुसळ गेलं. मी वाडीवरून खाली उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरचीच बाई, चुलतसासू शेजारच्या दारात. बाळाबाईनं चूळ भरली आणि कुसळ काढलं. सुलक्षणाला बरं वाटलं. दोन दिवसांनी डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं. आणि पप्पू काय करतो? पुढच्या गुरुवारची वाट बघतो! माझाच ड्रायव्हर. वर्षभर दर गुरुवारी माझं भाषण त्यानं टेम्पोला टेकून ऐकलंय. म्हणाला, "तुमी येनारच हुता म्हून थांबलो, ताई. तुमचा वार चुकवून कसं यायचं?"

यात त्याचा दोष किती आणि माझ्या गुरुवारचा किती, हे मला ठरवता येईना. मी वार लावून दिला आणि त्यांनी दुखणं वारावर ढकललं. आता वाडीत सांगून आलेय की डोळ्याला वार नसतो.

टॉर्च मारला तर बुबुळाच्या जवळजवळ मधोमध पांढरा ठिपका, कापसासारख्या कडांचा. तुला कळलं असेल. बुरशी. त्याच टेम्पोत पुण्याला नेलं. तासातासाला थेंब चाललेत. डोळा राहील म्हणतात, पण फूल राहणार आणि त्यातून धूसर दिसणार. सव्वीस वर्षांची पोर आहे.

निघताना बाळाबाई ओट्यावर बसली होती. माझ्या पावलांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "ताई, माज्या जिभेनं झालं का गं?"

मी नाही म्हणू शकले नाही, हो म्हणायला जीभ रेटेना. तिचं तिला कळलं. कपाळावर हात मारून घेतला नाही की रडली नाही. तोंडावर पदर घेऊन बसून राहिली. मला त्या वेळी तुझा जेवढा राग आला तेवढा गेल्या दोन वर्षांत आला नव्हता. एका डोळ्याच्या भीतीनं तू हात बांधून बसला आहेस आणि इकडे दुसरे जातायत.

यायचं नसेल तर 'येत नाही' एवढं लिही. मी दुसरा कुणी शोधीन. शोधला की मिळतो, मला आजवर शोधून मिळालं नाही असं काही झालेलं नाही. पण मला दुसरा नको आहे. मला माझा भाऊ परत हवाय. हे तोंडानं म्हणाले नसते, कागदावर म्हणते.

शुभा

भोर, १६ ऑक्टोबर

अरे लबाडा,

तू आलास! सोमवारी आलास, भोरला न येता नसरापूरवरूनच आत वळलास, वाडी चढलास, जेवलास आणि माझं तोंडही न बघता परत गेलास. आणि हे मला पप्पूकडून कळावं!

त्यानं सांगितलेलं असं: गुंजवण्यात एक गाडी थांबली. तुझ्या शहरी बुटांनी चढ काही सोसेना, तेव्हा तू ते हातात घेऊन चढलास. बाळाबाईच्या दारात उभं राहून म्हणालास, "मी शुभाताईंचा भाऊ." तिनं आत बोलावलं. पप्पूला बाहेर बसवलं. आतून बराच वेळ तुझाच आवाज येत होता, मग तिचा. मग भांड्याचा आवाज आला. तू बाहेर आलास तेव्हा हात धुतलेले होते आणि मिशीला पीठ होतं.

काय बोललात ते पप्पूला ठाऊक नाही, किंवा आहे आणि सांगत नाही. बाळाबाईला विचारलं तर म्हणाली, "जेवला, एवडं बास."

संध्याकाळी तुझा मेसेज आला. 'रविवारी करू. थिएटर तयार ठेव.' या वेळी मेसेजबद्दल तक्रार नाही. आई सकाळपासून डबे घासतेय, तुला काय काय आवडतं त्याची उजळणी चालू आहे. तिला म्हटलं, तो ऑपरेशनला येतोय, मंगळागौरीला नाही. ऐकत नाही.

मी निर्जंतुकीकरणाचं सगळं पुन्हा केलं. नमुने पुन्हा पाठवलेत. तू आल्यावर स्वतःही बघून घे, मला राग येणार नाही. थोडा येईल.

ताई

भोर, २१ ऑक्टोबर

उपेंद्र,

काल तुझा हात एकदाही थरथरला नाही. मी शेजारी उभी होते, मी बघितलं. दगड बाहेर आला तेव्हा तू श्वास सोडलास, तो मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

आणि आज पहाटे पट्टी काढायच्या आत तू निघून गेलास. आई म्हणाली, चहाही न घेता गेला. आनंदरावांची पट्टी काढतानाची सकाळ तुला आठवली असणार. म्हणून दुकान उघडायच्या आधी हे लिहिते आणि पप्पूच्या हाती आजच धाडते. पट्टी मी काढली, तपासणीला पुण्याहून तुझी ती डोळ्यांची डॉक्टर मैत्रीण नीरजा आली होतीच. डोळा शांत आहे. बुबुळ आरशासारखं स्वच्छ. पू नाही, लाली नाही. चित्रांच्या तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी बाळाबाईनं न अडखळता सांगितल्या.

आधी तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ताई, तुजं केस लई पिकल्यात की गं." पहिलं वाक्य हे! मग खिडकीतून रस्ता बघितला, एसटी गेली ती बघितली. मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले आणि रडली. मीही रडले. सांगायला लाज कसली.

मग विचारलं, "डाक्टर कुठं?"

"गेला सकाळीच."

"भ्यालं पोर," ती म्हणाली. आणि मग तिनं त्या सोमवारचं सांगितलं.

म्हणाली, ताट वाढलं. नाचणीची भाकरी, वर मीठ, कडेला ठेचा. तू हात लावला नाहीस. आनंदरावांचं सगळं सांगितलंस. नाव, गाव, काय झालं, कसं झालं. आणि मग म्हणालास, "आजी, आता जेवू का नको, तुम्ही सांगा."

मला वाटलं, तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल. मी म्हटलं, "मग तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरायला काय? आनंदराव माज्या धाकल्या जावंचा मामेभाऊ. त्याचा डोळा गेला तवा भाटघरला जाऊन आले म्या. तू पैल्यांदा म्हनलीस ना, माजा भाऊ येतो, तवाच म्हनलं, हा त्योच."

"आणि तरी हो म्हणालात?"

"व्हय कुठं म्हनले? जेवाया बोलावलं. सांगून खातो का न सांगता खातो, त्येवडं बघायचं हुतं. न सांगता घास मोडला असता तर जेवू घालून वाटंला लावलं असतं."

मी पट्टीचा कापूस गोळा करायला लागले. तिनं माझं मनगट धरलं, आता दिसत होतं ना तिला.

"तू माज्यात किती येळा जेवलीस, ताई? तू न्हाई कदी सांगितलंस."

मी म्हटलं, "चुकलं." ती म्हणाली, "मीठ खाल्लं हायस, आता जाग त्याला," आणि चहा मागितला.

ताई

भोर, २५ नोव्हेंबर

चि. उपेंद्र,

भात झोडपून झालं. वाडीतल्या खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी उभ्या आहेत.

बाळाबाईनं जीभ लावणं सोडलं. चुलीवर कापडाच्या पट्ट्या उकळून झाकलेल्या डब्यात ठेवते, ओल्या टोकानं कुसळ काढते आणि मग पापणी उलटी धरून उजेडात निरखून बघते. काम झाल्यावर माझा थेंब घालते. सोनबाच्या डोळ्यात तिला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला, तर भर झोडपणीत त्याला खळ्यावरून उठवून पप्पूच्या टेम्पोत घातलं. तो कुरकुरत होता की उद्या जातो. तिनं त्याची अशी काही आई-माई काढली की मी इथे लिहीत नाही. डोळा वाचला, डागसुद्धा राहिला नाही. या सुगीत आमच्याकडे वाया गेलेला डोळा एकच, सुलक्षणाचा, तोही पुरता गेलेला नाही. धूसर दिसतं. ती पप्पूशी बोलते, पण टोचून, आणि तो निमूट ऐकतो.

मी भाटघरला गेले होते, आनंदरावांकडे. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदूचा सारा धरायला लागलाय. बाळाबाईचं सगळं त्यांच्या कानावर होतं. म्हणाले, "ताई, उपेंद्र डाक्टरांवर राग न्हाई. चांगलं मानूस हाय. पर माजा डोळा त्यांच्या हातात न्हाई देनार म्या." मी समजावायला लागले नाही. त्यांना पुण्यातल्या दोन सर्जनांची नावं दिली, चहा घेतला आणि उठले. बरोबर आहे त्यांचं. तुलाही हे लपवून गोड बातमी द्यायचं मी आता बंद केलंय.

वाडीत मोतीबिंदूचे पाच जण तयार झालेत. सोनबाचा बाप चिमाजी आहे, बनाबाई आहे, आणखी तिघं आहेत. पुण्याला चला म्हटलं तर सगळे बाळाबाईकडे बघतात आणि ती चुलीकडे बोट दाखवते. पाचही घरांतून तुला जेवायचं बोलावणं आहे.

मी शहाणी झाले ना आता, म्हणून पाचही घरांत आधीच आनंदरावांचं सांगायला लागले. पहिल्याच ओट्यावर चिमाजीनं हात वर करून मला थांबवलं. "ताई, ते तुमी नगा सांगू. आमाला ठावं हाय. त्यांच्या तोंडून ऐकू, मग ताट वाढू."

तेव्हा पाच वेळा सांगावं लागेल, उपेंद्र, आणि पाच वेळा जेवावं लागेल. गुरुवारी टेम्पो सकाळी सातला निघतो. आदल्या रात्री आईकडे मुक्कामाला ये, आणि ती कितीही वाढो, रात्री पोटात जागा ठेव.

ताई